आजोबांच्या पलटणीचे कागद: काय मागायचं, कुणाकडे आणि कसं

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मला एक प्रश्न नेहमी येतो. "पणजोबा लष्करात होते, बसऱ्याला गेले होते असं घरात सांगतात. त्यांची नोंद कुठे मिळेल?" कधी पणजोबांच्या जागी आजोबा असतात आणि बसऱ्याच्या जागी इटली, ब्रह्मदेश किंवा ६५ चं युद्ध असतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, बेळगाव या पट्ट्यात असं घर शोधावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून जास्त माणसं लष्कराच्या कामाला लागली, दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख. त्यातली कितीतरी आपल्याकडची होती.

बहुतेक जण या प्रश्नाचं उत्तर शोधायला गुगलवर जातात, तिथे ब्रिटनमधली पद्धत सापडते, आणि ती आपल्याला लागू पडत नाही. म्हणून हा लेख. यातला मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते: "आजोबांची सगळी माहिती द्या" असा अर्ज बहुधा वाया जातो. योग्य कार्यालय, ओळख पटवणारा क्रमांक आणि नेमक्या कागदाचं नाव या तीन गोष्टी जुळल्या तर बरंच काही हाती लागतं. आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही, का ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या: नोंद एक नसते

सैनिकाची "फाईल" म्हणजे एखाद्या कपाटात ठेवलेला एकच गठ्ठा, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात जवान आणि जेसीओ यांच्यासाठी दोन कागद महत्त्वाचे.

पहिला शीट रोल. हा सविस्तर कागद. भरतीची तारीख, तेव्हाचं वय, गाव-तालुका-जिल्हा, वडिलांचं नाव, उंची, अंगावरची खूण, बढत्या, शिक्षा, जखमा, मेडल, जवळच्या नातेवाईकांची नावं, आणि सेवा कधी व का संपली, असं सगळं यात सापडू शकतं. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हवा असतो तो हाच कागद.

दुसरा लाँग रोल. हे रजिस्टर. एकेका सैनिकाची थोडक्यात नोंद: क्रमांक, नाव, भरती, सेवा कशी संपली, इतपत.

आता खरी गोम. लष्कराच्या नियमावलीनुसार पेन्शन न मिळालेल्या सैनिकाचे सेवा-कागद साधारण २५ वर्षं ठेवतात, पेन्शनरचे ५० वर्षं. त्यानंतर ते नष्ट करता येतात. लाँग रोल मात्र कायम जपायचा असतो.

याचा अर्थ नीट बघा. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती झालेला आणि १९४६ मध्ये पेन्शनशिवाय घरी पाठवलेला जवान घ्या. त्याच्या शीट रोलची मुदत १९७१ च्या सुमारास संपली. त्या काळात लाखो जवान असे पेन्शनशिवाय परत आले. त्यांच्या वारसांनी "संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड द्या" असं लिहिलं की उत्तर येतं, "मुदत संपल्याने कागद नष्ट केले आहेत." आणि शोध तिथेच थांबतो. लाँग रोल मागितलाच नव्हता, म्हणून तो कुणी बघितलाही नाही.

दुसरं उदाहरण आजच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. १९६२, ६५ आणि ७१ ची युद्धं पाहिलेले आणि १९७५-८० च्या दरम्यान पेन्शनवर आलेले जवान. त्यांच्या कागदांची ५० वर्षांची मुदत आत्ता संपतेय. तुमचे आजोबा यात बसत असतील तर प्रबंधाचा आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. अर्ज या महिन्यात टाका.

पहिलं दफ्तर घरातच आहे

कोणत्याही कार्यालयाला लिहिण्याआधी घर धुंडाळा. तुम्हाला मुख्यतः दोन गोष्टी हव्यात: सैनिकाचा क्रमांक आणि पलटण किंवा कोअर. मराठा पलटणीत एकाच नावाचे कितीतरी जवान असणार. "रामचंद्र पवार, जिल्हा सातारा" एवढ्यावर कुठलाही कारकून काही शोधू शकणार नाही.

कुठे बघायचं?

*मेडल.* पेटीतलं, देव्हाऱ्यामागचं, आजीच्या ट्रंकेतलं. मेडलच्या तोंडावर राजाचा मुखवटा असतो, तो सगळ्यांच्या मेडलवर सारखाच. कामाची गोष्ट कडेवर असते. भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा आणि मेडल हळूहळू फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची मेडलं बहुधा बिननावाची, पण हिंदी सैनिकांच्या मेडलांवर नाव सापडतं. मेडल चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

*पितळी रंगाची मोठी गोल तबकडी.* साधारण तळहाताएवढी, ब्रिटानिया आणि सिंहाचं चित्र असलेली. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या घरी ती पाठवली जायची. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा आणि पलटण नसते. पण ती घरात असेल तर एक गोष्ट पक्की: हा माणूस त्या युद्धात गेला, आणि त्याचा शोध मृतांच्या नोंदींमध्ये घ्यायचा.

*डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, पीपीओ.* पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक मिळाला तर अर्धं काम झालं. आजीला फॅमिली पेन्शन मिळत असेल तर तिच्या बँकेच्या कागदांतही हा क्रमांक असतो.

*जमिनीचे कागद.* "लष्करात होते म्हणून सरकारने जमीन दिली" किंवा "जंगी इनाम होतं" असं घरात बोललं जात असेल तर तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा.

*माणसं.* घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला आणि रेकॉर्ड करा. तारखा विचारू नका, त्या कुणालाच आठवत नाहीत. "तेव्हा आत्याचा जन्म झाला होता का? पत्र कुठून यायचं? बरोबर गावातलं कोण होतं?" असं विचारा. बरोबरीने भरती झालेल्या गावकऱ्याचा क्रमांक मिळाला तरी उपयोग होतो. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी भरती झालेल्यांचे क्रमांक अनेकदा जवळजवळचे असतात.

*गाव.* कितीतरी गावांत चावडीवर, शाळेत किंवा देवळाजवळ पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, असा मजकूर. नावं नसतात, फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे. अशा गावांत स्थानिक यादी कुणीतरी केलेली असण्याची शक्यता असते, ग्रामपंचायतीत विचारून बघा.

नावाचं आणि पलटणीचं कोडं

आता मिळालेली माहिती त्या काळच्या भाषेत बसवायची. इथे तीन अडचणी येतात.

*स्पेलिंग.* भरती कारकून कानावर पडेल तसं इंग्रजीत लिहायचा. जाधव हे एकच आडनाव जाधव, जादव, जाधाव अशा कितीतरी रूपांत सापडतं. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत आणि पुस्तकांत एकसारखं नाही. एवढ्या प्रसिद्ध माणसाचं असं, तर तुमच्या पणजोबांचं काय! त्यामुळे चार-पाच स्पेलिंगची यादी करून मगच शोधा. मराठा शब्दाचंही तेच. ब्रिटिश काळात पलटणीच्या नावात "महरट्टा" असं वाचता येईल असं स्पेलिंग होतं, एम-ए नंतर एच आणि पुढे दोन टी. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुने कागद निसटतात. पुणे, खडकी, बेळगाव, सागर यांचंही जुनं स्पेलिंग वापरा.

*पलटणीचा नंबर.* १९२२ मध्ये हिंदी लष्कराची फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या, त्या एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली. १०३ ची झाली पाचव्या मराठाची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन. म्हणून मेडलवर ११० दिसलं आणि काका म्हणाले "तिसऱ्या मराठ्यात होते", तर दोघंही बरोबर असू शकतात.

*जिल्हा.* जुन्या नोंदीत सिंधुदुर्ग सापडणार नाही, तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सांगलीचा बराच भाग आधी साताऱ्यात आणि मग दक्षिण साताऱ्यात होता. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थानं होती. पणजोबा कोल्हापूर संस्थानाच्या राजाराम रायफल्समध्ये असतील तर ते ब्रिटिश हिंदी लष्करात नव्हतेच, मग शोधाची सुरुवात कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातून करायची.

आणखी एक. नोंद न सापडण्यामागे कधी कधी धोरण असतं. १८९० च्या दशकात लष्कराने महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावात. त्यामुळे "पणजोबांचे वडील लष्करात होते, पणजोबा नव्हते, आजोबा होते" अशी घराण्याची साखळी तुटलेली दिसली तर तुटण्याची वर्षं या तारखांशी ताडून बघा. तुमच्या घराण्याचा इतिहास आणि देशाचा इतिहास इथे एकमेकांना भेटतात.

लिहायचं कुठे?

जवान आणि जेसीओ यांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. आपल्याकडच्या घरांना लागणारी मुख्य ठिकाणं:

- मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव
- महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश
- बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजे बॉम्बे सॅपर्स: खडकी, पुणे
- तोफखाना: नाशिक रोड कॅम्प
- सिग्नल्स: जबलपूर
- आर्मी मेडिकल कोअर: लखनौ
- नौदलाचे खलाशी: ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई
- हवाई दलाचे एअरमन: एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रतो पार्क, दिल्ली

कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या नोंदी रेजिमेंटकडे नसून दिल्लीला लष्कराच्या मुख्यालयात असतात.

पलटण माहीतच नसेल तर आधी तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांची नोंदणी तिथे होते. आजोबांनी किंवा आजीने कधी ओळखपत्र काढलं असेल, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असेल, तर तिथे क्रमांक मिळू शकतो. या कार्यालयांत बरेचदा माजी सैनिकच काम करतात. पलटणीचं नाव अर्धवट सांगितलं तरी त्यांना कळतं, आणि रेकॉर्ड ऑफिसचा सध्याचा पत्ताही तेच देतात.

फाळणीचं लक्षात ठेवा. १९४७ मध्ये रेजिमेंट्स वाटल्या गेल्या. बलुच किंवा फ्रंटियर फोर्ससारख्या, पाकिस्तानकडे गेलेल्या रेजिमेंटमध्ये कुणी असेल तर भारतातल्या रेकॉर्ड ऑफिसकडून अपेक्षा ठेवू नका. थेट खाली सांगितलेल्या दुसऱ्या मार्गांकडे वळा.

अर्ज कसा लिहायचा

पहिला अर्ज साधा असू द्या, नातेवाईक या नात्याने. माहिती अधिकार नंतर. साध्या पत्राला माणुसकीने उत्तर येण्याची शक्यता असते, आणि कारकुनाला शंका असली तर तो उलट विचारतो. माहिती अधिकारात तो फक्त मुद्द्यापुरतं बोलतो.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, कारण ही कार्यालयं महाराष्ट्राबाहेर आहेत किंवा केंद्राची आहेत. एक पान पुरे. मजकूर साधारण असा:

> विषय: दिवंगत नातेवाईकाच्या सेवा-नोंदीबाबत
>
> मी खालील सैनिकाचा नातू/नात/पणतू आहे.
> क्रमांक, हुद्दा, नाव (घरात आणि कागदांत सापडलेली सर्व रूपं), वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा (तेव्हाचा आणि आताचा), पलटण/बटालियन, भरतीचं आणि निवृत्तीचं अंदाजे वर्ष, पेन्शन होती की नव्हती, पीपीओ क्रमांक असल्यास तो.
>
> कृपया पुढील गोष्टी मिळाव्यात:
> १. लाँग रोलमधील त्यांच्या नोंदीची प्रत.
> २. शीट रोल उपलब्ध असल्यास त्याची प्रत.
> ३. मिळालेल्या मेडलांची आणि युद्धसेवेची माहिती.
> ४. कागद नष्ट केले असल्यास ते कोणत्या नियमाखाली व कधी केले, याची माहिती.
> ५. नोंद दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास त्या कार्यालयाचं नाव.

सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, तुमचं ओळखपत्र आणि नात्याची साखळी दाखवणारे कागद जोडा: आजोबा ते वडील ते तुम्ही. शाळेचे दाखले, वारस नोंद, जुनं रेशन कार्ड, काहीही चालेल, पण मधली कडी सुटू देऊ नका. मेडलच्या कडेचा फोटो जोडता आला तर उत्तम. मूळ कागद कधीही पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

"संशोधनासाठी हवंय" असं लिहावं का? मी म्हणेन, नातं आधी लिहा, संशोधन नंतर. वारसाची मागणी त्यांना ओळखीची असते. मात्र नातं नसलेल्या सैनिकाची नोंद हवी असेल तर नात्याचा आव आणू नका. तिथे माहिती अधिकार किंवा अभिलेखागार हाच सरळ मार्ग.

माहिती अधिकार कधी आणि कसा

दोन-तीन महिने उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याकडे वळा. लष्कर या कायद्यातून वगळलेलं नाही. वगळलेल्या संस्थांच्या यादीत सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आसाम रायफल्स यांची नावं आहेत. त्यामुळे आजोबा यांपैकी कशात असतील तर वाट वेगळी.

केंद्र सरकारच्या संस्थांसाठी फी १० रुपये, प्रतींसाठी पानाला २ रुपये. ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो, किंवा पोस्टल ऑर्डर लावून टपालाने. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची असते. उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा आणि ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

नकार बहुधा कलम ८(१)(जे) खाली येतो: ही व्यक्तिगत माहिती आहे. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने या कलमात बदल करून ते आणखी कडक केलं आहे. पण त्याच कलमाचं पोटकलम ८(३) वाचा. माहिती मागण्याच्या तारखेपूर्वी वीस वर्षं किंवा त्याहून आधी घडलेल्या बाबींना बहुतेक सवलती लागू होत नाहीत. अपवाद तीनच: देशाची सुरक्षा वगैरे, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. १९४४ च्या भरतीची नोंद यात कुठेच बसत नाही. अपिलात हा मुद्दा दोन ओळींत मांडा. राग व्यक्त करण्यापेक्षा या दोन ओळी जास्त काम करतात.

आणखी एक मर्यादा: कार्यालयाने फक्त असलेली माहिती द्यायची असते, नवीन माहिती तयार करून द्यायची नसते. "ते शूर होते का? त्यांना बढती का नाकारली?" अशा प्रश्नांना उत्तर मिळत नाही. कागदाचं नाव घ्या, प्रत मागा.

"नोंद नष्ट झाली" असं आलं तर

हे उत्तर बऱ्याच जणांना येणार. तिथून पुढचा रस्ता माणसाकडून पलटणीकडे जातो.

*मृत्यू सेवेत असताना झाला असेल तर* कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची नोंद बघा. संकेतस्थळावर शोध मोफत आहे. नावाने सापडलं नाही तर जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. अनेक हिंदी सैनिकांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. एकाच गावचे चार-पाच जण एकदम समोर येतात, तेव्हा त्या संगमरवरी पाटीवरच्या आकड्याला नावं मिळायला लागतात.

हे महत्त्वाचं का, ते बसऱ्याच्या स्मारकावरून कळतं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. त्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण साध्या शिपायांची फक्त संख्या. कमिशनच्याच २०२१ च्या अहवालाने मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि त्यात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. म्हणजे "पणजोबांचं नाव कुठेच नाही" ही घरातली तक्रार खोटी नसते. दगडावर नसलं तरी नोंदवहीत असू शकतं, एवढंच.

कोकणातले आणि गोव्यातले बरेच जण लष्करात नसून जहाजांवर होते. त्यांच्यासाठी मुंबईतल्या खलाशांच्या स्मारकांच्या याद्या बघा. पहिल्या महायुद्धाच्या यादीत दोन हजारांहून जास्त नावं आहेत, दुसऱ्याच्या यादीत सहा हजारांहून जास्त.

*माणूस जिवंत परतला असेल तर* युद्ध-डायरी. प्रत्येक बटालियन युद्धकाळात रोजची डायरी ठेवायची. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७० आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी १७२ ही मालिका. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग ही ठिकाणं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या पोर्टलवर बरंच घरबसल्या बघता येतं.

डायरीत आजोबांचं नाव शोधू नका. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात. हिंदी जवान "आय.ओ.आर." या तीन अक्षरांत येतात, "तीन आय.ओ.आर. जखमी" असे. पण बटालियन कोणत्या दिवशी कुठे होती, हे कळतं. ११० मराठा पलटण कूतच्या वेढ्यात होती, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत. "पणजोबांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला आणि मरणाच्या दारात गेले" अशी गोष्ट घरात असेल आणि पलटण तीच निघाली, तर ती गोष्ट कपोलकल्पित म्हणून टाकून देता येणार नाही. वेढ्यात अन्न संपत आलं तेव्हा घोड्यांच्या मांसावरून हिंदी सैनिकांपुढे खरोखरच हा पेच उभा राहिला होता. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या नोंदी ऑनलाइन आहेत, त्याही बघून ठेवा.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, पण तिथे मुख्यतः अधिकाऱ्यांच्या फायली. साध्या जवानांचे शीट रोल तिथे कधी गेलेच नाहीत, ते इथेच राहिले. पैसे घेऊन "लंडनहून पणजोबांची फाईल काढून देतो" असं कुणी म्हणालं तर सावध राहा.

कागद हातात आला. आता?

संशोधक म्हणून तुमचं काम इथून सुरू होतं. कागदावर शिक्का आहे म्हणून तो खरा, असं नसतं.

*वय.* जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचं वय भरतीच्या वेळी अंदाजाने लिहिलं जायचं, आणि भरती व्हायचं म्हणून मुलं वय वाढवूनही सांगायची. जन्मवर्ष म्हणून ते थेट वंशावळीत टाकू नका. "भरतीच्या नोंदीप्रमाणे" असं लिहा.

*जात.* शीट रोलवर "दख्खनी मराठा" किंवा "कोकणी मराठा" अशी नोंद दिसेल. ही लष्कराची भरतीची वर्गवारी. कोणत्या समाजाला भरतीयोग्य मानायचं याच्या इंग्रजी कल्पनांतून ती आली. त्या माणसाने स्वतःला घरात, गावात काय म्हटलं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. भरती व्हावी म्हणून सांगितलेली जातही असू शकते.

*शिक्षा.* रजेवरून उशिरा आल्याबद्दल शिक्षा दिसली तर तारीख बघा. पेरणीचे दिवस होते का? गावात प्लेगची किंवा इन्फ्लुएंझाची साथ होती का? एका ओळीमागे घरातलं मोठं संकट असू शकतं.

*नातेवाईकांची नावं.* इथे घरात न बोललेल्या गोष्टी बाहेर येतात. पहिली बायको, लहानपणी गेलेलं मूल, वेगळ्या गावात पाठवलेले पैसे. तुमच्यासाठी ही माहिती असेल, आत्यासाठी ती जखम असू शकते. ब्लॉगवर किंवा प्रबंधात टाकण्याआधी घरातल्या हयात माणसांना दाखवा. कायद्याने मिळालेली प्रत म्हणजे छापायची परवानगी नव्हे.

आणि प्रत्येक वेळी तीन रकाने ठेवा: घरात काय सांगतात, कागद काय म्हणतो, पलटणीच्या नोंदीवरून काय शक्य आहे. तिन्ही जुळले तर छान. जुळले नाहीत तर कागदाच्या बाजूने घाईने निकाल देऊ नका. आजी म्हणते "इटलीत जखमी झाले", लाँग रोल जखमेबद्दल गप्प आहे, डायरी म्हणते बटालियन त्या उन्हाळ्यात इटलीत होती. मग प्रबंधात लिहायचं ते एवढंच: जखमेला लेखी पुरावा मिळाला नाही, पण ते तिथे असणं शक्य होतं. यात आजी खोटी पडत नाही आणि संशोधनही ढिलं होत नाही.

या आठवड्यात करायच्या पाच गोष्टी

१. मेडल, डिस्चार्ज बुक, पीपीओ शोधा आणि प्रत्येकाचा फोटो काढा, कडेसकट.
२. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं अर्धा तास रेकॉर्डिंग करा.
३. नावाच्या चार-पाच इंग्रजी स्पेलिंगची आणि पलटणीच्या जुन्या-नव्या नावांची यादी करा.
४. सेवा संपल्याचं वर्ष काढा आणि त्यात २५ किंवा ५० मिळवा. उत्तर चालू वर्षाच्या जवळपास असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून अर्ज पाठवा.
५. मुदत उलटून गेली असेल तरी अर्ज पाठवा, लाँग रोलचं नाव घेऊन.

उत्तर म्हणून कदाचित एकच ओळ येईल: क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरती, डिस्चार्ज. ती कमी समजू नका. पलटणीची डायरी, गावातली पाटी आणि आजीचं बोलणं या तिघांना एकत्र बांधायला तेवढी एक ओळ लागते. पुढच्या लेखात युद्ध-डायरीचं एक पान कसं वाचायचं ते बघू. तोवर कुणाला मेडलच्या कडेवरची अक्षरं लागली नाहीत तर फोटो पाठवा, मिळून लावू.